गंगेत सोडलेला आंबा

काशीतल्या दूधविनायकच्या त्या घरात सकाळ आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. गल्ली इतकी अरुंद की ऊन तिच्या तळाशी पोचायला दहा वाजत. पण त्याच्या कितीतरी आधी खालच्या चौकात हातपंपाचा दांडा कुरकुरू लागे, कोणीतरी पितळी कळशी दगडावर ठेवी, आणि तो आवाज भिंतींमधून चढत चढत आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत येईपर्यंत इतका मऊ होई की मला झोपेतच वाटे, मी मेहकरला माहेरी आहे आणि बाबा गिरणीचा पट्टा चढवताहेत. मग ओलसर वास येई. शेणाचा, झेंडूचा, कोळशाच्या धुराचा. खिडकीतून गंगा दिसत नसे. ती जवळ आहे हे मात्र सारखं जाणवे, शेजारच्या खोलीत कोणी झोपलेलं असावं तसं. डोळे उघडून मी थोडा वेळ छताकडे बघत पडून राही. आयुष्यात इतकं निवांत पडून राहणं मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालं नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. मोहन रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता आणि त्याची बदली बनारसला झाल्यावर आम्ही दोघं तिथे आलो होतो. (त्या काळी मी त्याचं नाव घेत नसे. आता घेते. तोच म्हणतो, घे, इतकी वर्षं वापरलं नाहीस, नवंच राहिलंय.) घर गुरुजींचं होतं. गुरुजींच्या पाच-सहा पिढ्या काशीतच गेलेल्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, घाटावर त्यांचे विधी करायचे, जेवू घालायचं आणि स्टेशनवर पोचवायचं, हा त्यांचा व्यवसाय. पन्नाशीच्या काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, हा सगळा गाडा ओढत. त्यांचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. "सुमन, जल्दी खाली ये, चावल ओसंडतायत," अशी त्यांची हाक यायची. आपलं बोलणं चुकीचं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट माझंच वऱ्हाडी ऐकून त्या म्हणत, तुमच्याकडे अशी बोली बोलतात होय, बेचारे.

खालच्या स्वयंपाकघरात वर्षभर वीस-पंचवीस पानं उठत. सातारच्या माणसांना आमटी पातळ लागे, नागपूरच्यांना तिखट, कोकणातली म्हातारी माणसं नारळ का नाही म्हणून हळूच विचारत. काकू सगळ्यांना एकच वरण वाढत आणि वर एवढं तूप घालत की तक्रार तिथेच विरघळे. मी दुपारी त्यांच्या हाताखाली पोळ्या लाटायला जाई. पोळ्या झाल्या की आम्ही दोघी चौकाच्या पायरीवर बसून कचोरी खात असू, कधी थंडीत केशराचा फेस, मलइयो, मातीच्या सकोऱ्यातून. तोंडात घातल्याबरोबर तो नाहीसा होई आणि काकू म्हणत, देखा, पैसे गेले, पोट तसंच.

माझं शिक्षण सुरू झालं ते पोस्टकार्डांमुळे. गुरुजींकडे महाराष्ट्रातून पत्रं येत: आम्ही चौघं अमुक तारखेला निघतो, एकाला मधुमेह आहे, जिना चढवत नाही, खालची खोली मिळेल का. त्यांना मराठीतून उत्तर पाठवावं लागे. काकूंची दोन्ही मुलं घरात मराठी बोलत, पण लिहायचं म्हटलं की हिंदीतच लिहीत. गुरुजींना वेळ नसे. मी बारावी झालेली, अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नुसतं "खोली आहे, यावे" असं लिहीत नसे. कोणत्या फलाटावर उतरायचं, थंडीत काय पांघरूण आणायचं, आजोबांना जिना नको म्हणून चौकाजवळची खोली ठेवली आहे, असं सगळं लिही. माणसं येत ती माझं कार्ड खिशात घेऊन येत. एकदा काकूंनी असं एक घडी पडलेलं कार्ड हातात घेऊन वाचलं, मला परत दिलं आणि म्हणाल्या, तू बी.ए. का करत नाहीस? जणू सांडगे का घालत नाहीस, असं विचारावं इतक्या सहज.

बाबांनी बारावीनंतर मला थांबवलं होतं. रागानं नाही. आमच्या घराण्यात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी बारावी झाले तेव्हा त्यांना वाटलं की आता बस, याच्या पुढचं आपल्याला झेपायचं नाही. मलाही ते पटलं होतं. म्हणून काकूंच्या प्रश्नावर मी हसले आणि पोळ्या लाटू लागले. पण तो प्रश्न माझ्यामागे तीन मजले चढून वर आला. आठवडाभरानं मी एकटीच महिला महाविद्यालयात गेले, खिडकीतून अर्ज घेतला, तिथल्याच बाकावर बसून भरला आणि सही केली. मोहनला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, फीचं मी बघतो, पण चिखलीला काय सांगायचं?

चिखली म्हणजे माझं सासर. सासूबाई तिथे एकट्या राहत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात शेवटच्या दोन ओळी त्याबद्दलच असत. सून कॉलेजात जाते हे त्यांना कळलं तर त्या दोन ओळींचं पान होईल, असं मोहनला वाटलं. त्यानं लिहिलं, सुमन शिवणक्लासला जाते. मी ते पत्र वाचलं आणि पोस्टात टाकलं. म्हणजे खोटं आम्हा दोघांचं.

ते वर्ष मला आजही स्वप्नासारखं आठवतं. दुपारी गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंच्या भिंती थंड असत आणि वर आकाशाची एक चिंधी. गाय आडवी बसली असेल तर तिच्या उठण्याची वाट बघायची, तोवर हातातलं पुस्तक उघडायचं. मराठी, हिंदी आणि इतिहास असे माझे विषय. इतिहास हिंदीतून शिकायचा, त्यामुळे परदेशातले राजे माझ्या डोक्यात कायम बनारसी हिंदी बोलत. वर्गातल्या मुली माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान, मला दीदी म्हणत. तास संपला की मी नदीकाठानं परत येई. पाणी, पायऱ्या, वाळत घातलेल्या साड्या, लांबून येणारी घंटा, सगळं एकमेकांत मिसळून जाई आणि मला वाटे की कोणीतरी मला चुकून दुसऱ्याच बाईच्या आयुष्यात सोडलं आहे आणि ती बाई परत यायच्या आत जेवढं जगता येईल तेवढं जगून घ्यावं.

परीक्षेला पंधरा दिवस होते तेव्हा सासूबाई काशीयात्रेला आल्या. बरोबर ज्वारीचं पीठ, खारोड्या, तिळाची चटणी, आणि एक हिरवा खण. खण माझ्या हातात देऊन म्हणाल्या, मले चोळी शिवून दे, वर्षभर शिकून राह्यली ना तू. मला सुईत दोरा ओवता येत होता, त्यापलीकडे काही नाही. काकूंनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. परेशान होऊ नकोस म्हणाल्या, खण आणि मापाची जुनी चोळी पदराखाली घेतली आणि चौकातून बाहेर पडल्या. तिसऱ्या दिवशी चोळी आली. सुरेख शिवली होती, गळा मात्र बनारसी फॅशनचा. सासूबाईंनी ती अंगाला लावून बघितली, म्हणाल्या, एवढा गळा घेऊन मी कुठं नाचाले जाऊ? आणि उलटी करून शिवण बघू लागल्या. आत काखेजवळ शिंप्याच्या नंबराची चिंधी टाचलेली होती.

त्यांनी ती चिंधी काढली, तळहातावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. काकू काहीतरी बोलणार होत्या, मी त्यांना थांबवलं. त्या क्षणी आणखी एखादी गोष्ट रचता आली असती. पण तीन दिवस त्या माझ्या हातचं जेवत होत्या, रात्री माझ्याच शेजारी झोपत होत्या. मी सगळं सांगितलं. कॉलेज, फी, परीक्षेची तारीख, पत्रातलं खोटं. त्यांनी रागावून बोलावं असं मला वाटत होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "मोहननं मले आजवर खोटं नोतं सांगतलं." आणि चोळी घडी करून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला कळलं की त्यांच्या मनात काय होतं. मोहनला त्यांनी रेल्वेचा परतीचा पास माझ्या नावासकट काढायला लावला होता आणि त्यानं मान खाली घालून तो काढलाही होता. चिखलीजवळ एक वैद्य होता, त्याच्याकडे मूल व्हावं म्हणून चार महिने औषध घ्यायचं, पथ्य पाळायचं. निघायचं होतं पुढच्या शुक्रवारी. माझा पहिला पेपर त्यानंतरच्या सोमवारी होता.

आणि त्याआधी घाटावरचा विधी. आम्ही पहाटे दुर्गाघाटावरून नावेत बसलो. मी, सासूबाई, गुरुजी आणि मोहन. नदीवर धुकं नव्हतं, तरी सगळं धुक्यात असल्यासारखं दिसत होतं. मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर सरळ वर जात होता, सासूबाईंनी हात जोडले आणि पुटपुटल्या. बहुधा सासऱ्यांचं नाव. वल्ह्याचा आवाज थांबला की पाण्याचा यायचा. मला वाटत होतं की ही नाव कुठे लागूच नये. अहिल्याबाई घाटाला ती लागली.

काशीला आलं की आवडती एक गोष्ट गंगेत सोडायची, पुन्हा आयुष्यात तोंडाला लावायची नाही, हा रिवाज आपल्याकडच्या यात्रेकरूंना ठाऊक असतोच. गुरुजींना त्याचे सगळे नमुने पाठ होते. ते म्हणत, अर्ध्या महाराष्ट्रानं इथे कारलं सोडलंय आणि उरलेल्यानं पडवळ. पेढा सोडणारा मी अजून पाहिला नाही. स्नान झालं, संकल्प झाला आणि त्यांनी सासूबाईंना विचारलं, आई, काय सोडता? मला वाटलं, त्याही कारलंच म्हणतील. त्या म्हणाल्या, "चहा."

मोहननं चमकून बघितलं. दिवसातून सहा कप चहा पिणारी बाई. अंथरुणातून उठायच्या आधी त्यांना कपाचा कान हातात लागे. "आई, विचार करून बोल," तो म्हणाला. त्यांनी ओंजळीतलं पाणी सोडलं होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे ओले होते, आवाज मात्र साधा. "मी नातवासाठी माहा चहा देल्ला. आता तुही पाळी. तुले सर्वात जास्त आवडते ते सोड. कालेज सोड."

गुडघाभर पाण्यात मी उभी होते. खरं सांगायचं तर मूल मलाही हवं होतं. शेजारच्या बाळाला मांडीवर घेतलं की ते परत देताना हात रिकामे वाटत. आणि समोर ही बाई, जिनं आपला चहा आत्ताच पाण्यात सोडला होता, ती माझं वाईट कसं मागेल? क्षणभर मी म्हणणारच होते, सोडलं. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, आई, काय सोडायचं ते ज्याचं त्यानं बोलायचं, दुसऱ्याच्या ओंजळीतलं पाणी मी सोडवत नाही. ते कोणाचीही बाजू घेऊन बोलले नव्हते, त्यांच्या कामाचा नियमच तसा होता. पण त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत थांबले. आजवर माझ्यासाठी असं कोणी थांबलं नव्हतं.

"आंबा," मी म्हणाले.

मोहनच्या तोंडून "अगं" निघालं. लहानपणी मी कोयीसाठी भावाशी मारामारी करी, बनारसचा लंगडा आंबा आला की जेवण सोडून त्याच्यावर राही, हे त्याला ठाऊक होतं आणि सासूबाईंनाही. चैत्र चालला होता, झाडं लगडली होती. मी पाणी सोडलं आणि मग त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आई, आवडता आंबा सोडला. परीक्षा सोडणार नाही. पेपर झाले की तुम्ही म्हणाल त्या वैद्याकडे येते." 

घरी आल्यावर पानं वाढली. काकूंना काही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी माझ्या पानात कैरीची चटणी वाढली. मी काही म्हणायच्या आत शेजारच्या पानावरून सासूबाईंचा हात आला. त्यांनी ती चटणी बोटांनी उचलून स्वतःच्या पानात घेतली आणि काकूंना म्हणाल्या, तिनं आंबा सोडला हाय, लोणचंही देत जाऊ नका. काकू म्हणाल्या, कैरी अलग चीज आहे. सासूबाई म्हणाल्या, झाड तर एकच ना. त्यावर गुरुजींचंही काही चाललं नाही. मी खाली मान घालून नुसता भात कालवत राहिले, कारण माझं वचन राखायला त्याच पहिल्या पुढे आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चहाविना सासूबाईंचं डोकं दुखू लागलं. तिसऱ्या दिवशी त्या उठेनात. कपाळाला फडकं घट्ट बांधून खोलीत पडून राहिल्या. काकूंनी कॉफी सुचवली तर म्हणाल्या, हे तर त्याचंच चुलत भावंड. त्या अवस्थेत प्रवास शक्य नव्हता, शुक्रवारचा पास मोहननं पुढे ढकलला. मी त्यांच्या उशाशी बसून सुंठ उगाळून लावी आणि मांडीवर पुस्तक ठेवून ओठातल्या ओठात वाची. मग एका दुपारी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, काय बडबडतेस, मोठ्यानं वाच, तेवढंच डोक्यातले ठोके ऐकू येत नाईत. मी मोठ्यानं वाचलं. ते हिंदीत होतं, त्यांना कळेना. म्हणून मी एक परिच्छेद वाची आणि मग तो आमच्या बोलीत सांगे. फ्रान्समधल्या बाया भाकरीसाठी पावसात राजवाड्यावर चालून गेल्या, हे त्यांनी दोनदा सांगायला लावलं. किती कोस चालल्या, लेकरं कुणापाशी ठेवली, राणी तेव्हा काय करत होती, हे सगळं विचारलं. पुस्तकात लेकरांचं काही नव्हतं. तोवर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पुढे मी तीस वर्षं इतिहास शिकवला, आधी बनारसमध्ये एका शाळेत आणि मग अकोल्याला. कोणतंही प्रकरण वर्गात मांडण्याआधी मी ते मनातल्या मनात त्या खोलीत, फडकं बांधलेल्या त्या कपाळाला सांगून बघत आले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. माझ्यानंतर भाच्या, पुतण्या, कोण कोण झाल्या. वैद्याकडे मी दिलेल्या शब्दाप्रमाणे गेले. कडू काढे घेतले, काही झालं नाही. मुलगी झाली ती पाच वर्षांनी. सासूबाईंनी अख्ख्या चिखलीत सांगितलं की ती चहानं आणि आंब्यानं दिली, आणि मी कधी ते खोडून काढलं नाही. मुलीला आंबा अतोनात आवडतो. मी फोडी करून देते आणि हात धुऊन टाकते. लोक विचारतात, पस्तावा होत नाही? मे महिन्यात थोडा होतो.

त्या सोमवारी पहिला पेपर होता, इतिहासाचा. मी निघाले तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. निदान मला तसं वाटलं. पाया पडले ते झोपलेल्या पायांच्या. परीक्षेत काय लिहिलं ते आता आठवत नाही. हात दुखल्याचं, कागदावर घामाचे थेंब पडल्याचं आणि पंख्याच्या घरघरीत वेळ कुठे गेला ते न कळल्याचं आठवतं. शेवटची घंटा झाली तशी मी मुलींच्या लोंढ्यातून फाटकाबाहेर आले. ऊन डोळ्यांवर आलं. फाटकासमोरच्या निंबाखाली, रिक्षावाल्यांच्या रांगेशेजारी, सासूबाई बसल्या होत्या. कपाळाला फडकं तसंच, अंगात ती बनारसी गळ्याची हिरवी चोळी, गळा पदरानं पुरता झाकलेला. काकूंच्या मुलाला कॉलेजचा पत्ता विचारून रिक्षानं आल्या होत्या, आणि किती वेळ बसल्या होत्या ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही.

मी जवळ गेले. त्यांनीच विचारलं, त्या बायांचं आलं होतं का? मी म्हटलं, आलं होतं. लिहिलं का सगळं? लिहिलं, पण एक प्रश्न राहिला, वेळ पुरला नाही. त्यांनी जरा विचार केला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. रिक्षावाला पुढे आला, त्याच्याशी भाड्यावरून त्यांनी वऱ्हाडीत आणि त्यानं भोजपुरीत घासाघीस केली. दोघांचं पटलं. आम्ही चढून बसलो. रिक्षा गर्दीत वळली तेव्हा रस्त्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "उद्याचा पेपर कोणता हाय?"